माझ्या फोनमध्ये कोण कोण आहे?



मला विषय दिला होता ‘मोबाइल सुरक्षित कसा ठेवाल’. ते मी सांगणारच आहे, पाच-सहाच गोष्टी आहेत. पण आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. ती न सांगता तुम्हाला शहाणपण शिकवणं मला बरं वाटत नाही.

२०१२ साली मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होतो. सुट्टीत नांदेडातल्याच एका नेट कॅफेत जाऊन बसायचो. मालक ओळखीचे होते. पगार नव्हता, पण इंटरनेट फुकट होतं आणि आमच्या घरी तेव्हा ते नव्हतं. काम म्हणजे लोकांचे फॉर्म भरणं. अल्पसंख्याक शिष्यवृत्ती, कॉलेजचा प्रवेश, उत्पन्नाचा दाखला. लोक कॅरीबॅगमध्ये कागद घेऊन यायचे. मी स्कॅन करायचो, अपलोड करायचो, पावती काढून द्यायचो. माणूस कागद घेऊन घरी जायचा, पण स्कॅन कॉम्प्युटरवरच राहायचं. डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘न्यू फोल्डर ३’ अशी रांग लागलेली होती. कुणाच्या बापाचं वर्षाचं उत्पन्न किती, कोण दहावीला दोनदा नापास, कुणाच्या पासबुकात किती शिल्लक, शिवाय मोहल्ल्यातल्या पोरींचे पासपोर्ट फोटो. सगळं उघडं. दुकानात येणारं कुणीही पोरगं गेम खेळता खेळता ते उघडू शकत होतं. मी एकदाही पुसलं नाही. पुसायचं असतं हे डोक्यातच आलं नाही, आणि मी कॉम्प्युटर शिकत होतो.

पण चूक ही नव्हे. ती पुढे आहे.

एक दिवस आमच्याच गल्लीतली एक बाई आली. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा होता. त्यासाठी तिने तलाकचा कागद आणला होता. तो हातात देताना ती एवढंच म्हणाली, “बेटा, घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.” मी मान हलवली, स्कॅन केलं, अर्ज भरला. रात्री जेवताना अम्मीने विचारलं, आज काय काय केलंस? आणि मी सांगून टाकलं. वाईट हेतू काही नव्हता, सहज बोलण्याच्या ओघात गेलं. अम्मीने तिच्या बहिणीला सांगितलं असेल. आठ दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. ती बाई पुन्हा दुकानात आली नाही. तिच्या अर्जात एक त्रुटी निघाली होती, ती दुरुस्त करायलासुद्धा ती आमच्याकडे आली नाही, दुसरीकडे कुठेतरी गेली.

इथे कुणी हॅकर नव्हता, व्हायरस नव्हता. होतो तो मी.

म्हणून ‘प्रायव्हसी’ म्हटलं की पासवर्ड आणि अँटिव्हायरस आठवणाऱ्यांना मी नेहमी ही गोष्ट सांगतो. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, अमानत. मराठीत ठेव म्हणा. कुणीतरी विश्वासाने आपल्या हातात दिलेली आणि आपली नसलेली वस्तू. आता खिशातला फोन काढा आणि बघा, त्यातलं तुमचं स्वतःचं किती आहे? चारशे-पाचशे लोकांचे नंबर आहेत. बहिणीचे, वहिनीचे, भाच्यांचे फोटो आहेत. अब्बांचा शुगरचा रिपोर्ट आहे. मित्राने पगाराची स्लिप पाठवलेली आहे. कधीतरी कुणाला कामासाठी मागितलेलं आधार कार्ड अजून चॅटमध्ये पडलेलं आहे. मग लोक जे म्हणतात ना, ‘भाई, अपने पास छुपाने जैसा है क्या?’, तो प्रश्नच चुकीचा आहे. तुझ्याकडे लपवण्यासारखं काही नसेलही. पण तुझ्या फोनमध्ये जी माणसं बसलीत, त्यांना तू विचारलंस का?

२०२४ची जुलै आठवा. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि नांदेड काय, लातूर काय, प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानापुढे बायकांची रांग. आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो, आणि वर फोनवर येणारा ओटीपी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी फोनच काउंटरवर ठेवला. महिन्याला दीड हजार रुपये ही आपल्या घरांमध्ये लहान रक्कम नाही, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही. माझी खालाही त्या रांगेत होती.

त्यानंतर आपल्याच जिल्ह्यातून, हदगाव तालुक्यातल्या मनाठ्यातून बातमी आली. सेवा केंद्र चालवणाऱ्या एकाने गावातल्या पुरुषांचे आधार आणि पासबुक घेतले, ते वापरून लाडकी बहीणचे अर्ज भरले, आणि पैसे त्यांच्या खात्यात जमा झाल्यावर ‘हे रोजगार हमीचे आलेत’ असं सांगून अंगठा घेऊन काढून घेतले, असा तो आरोप होता. रक्कम तीन लाखांच्या वर. ज्यांची खाती वापरली गेली त्यांना आपल्या नावावर लाडकी बहीणचा पैसा आला हे माहीतच नव्हतं. बातमी वाचून लोक हसले, ‘लाडके भाऊ’ म्हणून मीम फिरले. मला हसू आलं नाही, कारण त्या काउंटरच्या आतल्या बाजूला मी बसलेलो आहे. तिथे बसलं की लोकांचे कागद आपलेच वाटायला लागतात.

हे कसं होतं ते समजून घ्या. आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी नाही, एटीएम कार्ड नाही, पिन नाही. खेड्यात बँक दूर असते, म्हणून ही सोय झाली आणि ती खरोखर सोयीची आहे. पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून त्याला कुलूप लावावं लागतं. आधारच्या ॲपवर आणि संकेतस्थळावर ‘बायोमेट्रिक लॉक’ नावाची सोय आहे. एकदा लावलं की तुमचा अंगठा कुठल्याही मशीनवर चालत नाही. अडचण एकच, रेशनच्या दुकानातसुद्धा चालत नाही. तिथे जाताना थोड्या वेळापुरतं कुलूप काढावं लागतं. अम्मीला ते जमणार नाही, म्हणजे महिन्यातून एकदा तुम्हाला दोन मिनिटं खर्च करावी लागतील. कराल का? हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही.

त्याच संकेतस्थळावर तुमचं आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे वापरलं गेलं तेही दिसतं. आणि जिथे नुसती ओळख दाखवायची आहे, लॉजवर वगैरे, तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. एक गंमत सांगतो. २०२२च्या मे महिन्यात आधारच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना सावध केलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेण्यात आलं, गैरसमज होऊ शकतो म्हणून. पत्रक गेलं, पण सोय अजून आहे. वापरा.

आता माझ्या मामेभावाचं सांगतो. त्याला विचारून सांगतोय. लॉकडाऊनमध्ये गाडी उभी होती, हातात पैसा नव्हता. त्याने एका ॲपवरून सात हजारांचं कर्ज घेतलं. ॲपने कॉन्टॅक्ट, गॅलरी, मेसेज सगळ्याची परवानगी मागितली आणि त्याने देऊन टाकली. हप्ता चार दिवस चुकला तर पहिला फोन त्याला नाही, मला आला. मग त्याच्या सासऱ्यांना. मग मशिदीच्या सदरांना. गॅलरीतून त्याच्या बहिणीचा फोटो काढून, त्यावर घाणेरडा मजकूर लिहून तो तीसेक लोकांना पाठवला गेला. कर्ज कुणी घेतलं आणि किंमत कुणी मोजली? त्या मुलीने ना सही केली, ना परवानगी दिली. तिच्या वतीने तिच्या भावाने ‘अलाउ’ दाबलं होतं.

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ला नियम काढले की कर्जाच्या ॲपला फोनमधली कॉन्टॅक्टची यादी, कॉल लॉग, फाइल आणि फोटो यांना हात लावता येणार नाही. २०२३मध्ये गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवर कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो बंद केले. म्हणून आता असली ॲप लिंकने येतात, स्टोअरच्या बाहेरून. नावाच्या शेवटी एपीके असतं. लग्नपत्रिका म्हणून येतात, आरटीओचं चलान म्हणून येतात. शेजारच्या हिंगोलीत २०२५मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर अशीच लग्नपत्रिका आली आणि उघडल्यावर खात्यातून पावणेदोन लाखांच्या वर रक्कम गेली. लग्नपत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ. ती इन्स्टॉल करावी लागत नाही. एवढं एक वाक्य आज घरी जाऊन सांगा.

आता माझ्या धंद्यातली लाज.

नमाजाच्या वेळा दाखवणारी ॲप आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आहेत. त्यातल्या सर्वांत मोठ्या ॲपपैकी एक म्हणजे मुस्लिम प्रो. जगभरात ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा ते डाउनलोड झालेलं होतं. नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली की या ॲपमधून वापरणाऱ्यांचं लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होतं, आणि ती कंपनी असं लोकेशन ठेकेदारांना विकत होती. ठेकेदारांचं गिऱ्हाईक होतं अमेरिकन सैन्य. बातमीनंतर मुस्लिम प्रोने एक्स-मोडशी संबंध तोडले. महिन्याभरात ॲपल आणि गूगलने एक्स-मोडचा कोड आपल्या स्टोअरमधल्या ॲपमधून काढायला लावला.

लोकांना वाटतं यात कुणीतरी मोठा कट रचला असेल. मी आतून सांगतो, बहुतेक वेळा कट नसतो. ॲप बनवताना आम्ही सगळं स्वतः लिहीत नाही. नकाशा एकाचा, जाहिरात दुसऱ्याची, मोजणी तिसऱ्याची, असे तयार तुकडे बसवतो. एखादी कंपनी येते, म्हणते आमचा हा तुकडा बसवा, महिन्याला एवढे पैसे देतो. मॅनेजर म्हणतो, बसव. इंजिनिअर बसवतो. तो तुकडा कुणाला काय पाठवतो हे कुणी उघडून बघत नाही. मीही बसवलेत. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की हे लोकेशन आपल्याला लागतं कशाला. पुढे विचारायला लागलो तेव्हा उत्तर मिळालं, ‘असू दे, कधीतरी कामाला येईल.’ न्यू फोल्डर २, न्यू फोल्डर ३. तीच गोष्ट, फक्त एअर कंडिशन ऑफिसमध्ये.

आणि खरं तर लागतं किती? नांदेड आणि लातूर यांच्या नमाजाच्या वेळांत दोन-तीन मिनिटांचा फरक आहे. किब्ल्याची दिशा डोळ्याला कळेल इतकीही बदलत नाही. म्हणजे ॲपला एकदा ‘नांदेड’ एवढा शब्द सांगितला तरी बास आहे. तुम्ही कोणत्या गल्लीत झोपता हे त्याला कळायची गरज नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘अचूक लोकेशन’ बंद करा, शहराचं नाव हाताने टाका. आणि मशिदीच्या भिंतीवरचं टाइमटेबल कुणालाच काही कळवत नाही, हेही लक्षात असू द्या.

तुमच्यातली दहा-पंधरा पोरं तरी कॉम्प्युटर सायन्सला आहेत. तुम्ही उद्या त्या खुर्चीत बसाल. तेव्हा ‘कशाला लागतं?’ एवढं विचारा. नोकरी जात नाही, मी विचारून पाहिलंय. मॅनेजर जरा वैतागतो.

आता ज्याबद्दल बोलताना मला अवघड वाटतं ते.

जुलै २०२१मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ला ‘बुल्ली बाई’. गिटहब, जिथे आम्ही इंजिनिअर रोज कोड ठेवतो, तिथे कुणीतरी ॲप टाकलं आणि मुस्लिम बायकांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडला. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी. फोटो त्यांनी स्वतःच्या खात्यावर उघडपणे ठेवलेले, साधे. मुंबईच्या सायबर पोलिसांनी बुल्ली बाईच्या प्रकरणात काही दिवसांतच पहिल्या अटका केल्या. पकडलेल्यांत इंजिनिअरिंगची पोरं होती, एकवीस-बावीस वर्षांची.

त्या आठवड्यात आपल्या घरांमध्ये काय झालं? माझ्या ओळखीच्या चार घरांमध्ये मुलींना सांगितलं गेलं, फोटो काढून टाक, अकाउंट बंद कर. एका घरात बारावीच्या मुलीचा फोनच काढून घेतला. ती लातूरला नीटची तयारी करत होती. क्लासच्या नोट्स, टेस्टचे पेपर सगळं व्हॉट्सॲपवर येत होतं. गुन्हा केला दुसऱ्यांनी, आणि बंद झाला तिचा अभ्यास. मी त्या वेळी काही बोललो नाही. मला वाटलं, चला, सुरक्षित तरी राहील. आज मला ते पटत नाही. दरोडा पडला म्हणून आपण घरच्यांनाच कोंडून ठेवत नाही. त्या बायकांपैकी कित्येकींनी स्वतःच्या नावाने पोलिसांत तक्रार दिली, त्यामुळे ती पोरं सापडली. मुलीचा फोन काढून घेणाऱ्या भावाने आधी स्वतःचा फोन तपासावा. बहिणीचे फोटो त्याच्या गॅलरीत आहेत, त्याच्या गूगल खात्यात बॅकअप झालेत, त्याच्या स्टेटसवर ईदच्या दिवशी गेलेत. तिला न विचारता.

आणि विचारण्याचा प्रश्न निघालाच आहे तर रमजानमधल्या राशन किटचं बोलू. किट देताना फोटो काढतो आपण. देणाऱ्याला हिशेब दाखवायचा असतो, मान्य. पण त्या फोटोत विधवा बाईचा चेहरा असतो, शेजारी तिची शाळेत जाणारी पोरगी असते. तो फोटो चार ग्रुपवर फिरतो आणि त्या पोरीच्या वर्गातल्या मुलांच्या फोनवर पोचतो. पिशव्यांचा फोटो काढा, पावत्यांचा काढा. घेणाऱ्यांच्या याद्या नाव-नंबरासह ग्रुपवर टाकू नका. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताला कळू नये असं आपल्याकडे सांगतात. आपण ते दोनशे छप्पन जणांच्या ग्रुपला कळवतो.

अकाउंटच्या सुरक्षेबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२३मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून हिंसा झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापूर स्टेटसवरून पेटलं होतं. स्टेटस चोवीस तासांत जातं, पण स्क्रीनशॉट जात नाही. आणि आपल्या खात्यावरून दुसऱ्याच कुणी काही टाकलं, तर ‘ते मी नव्हतो’ हे सांगायला आपल्याला सवड मिळेलच असं नाही. म्हणून व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, ईमेल, तिन्हीला टू-स्टेप लावा. मित्राच्या फोनवर, कॅफेत लॉगइन केलेलं बाहेर काढा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लगेच लॉगआउट. हे मी भीती घालायला सांगत नाही. बोलायचं ते जरूर बोला, स्वतःच्या नावाने बोला. फक्त ते तुम्हीच बोललेलं असावं.

कायदा आहे का? आहे. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला एका निवृत्त न्यायाधीशांनी, के. एस. पुट्टस्वामी यांनी, वयाच्या ऐंशीच्या पुढे असताना लढला. २०२३मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि कंपन्यांवरची बहुतेक बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू होतील असं ठरलं. सरकारी यंत्रणांना त्यात मोठ्या सवलती आहेत, त्याबद्दल भांडायला हवं आणि आपण भांडू. पण एक गोष्ट लक्षात घ्या. घरगुती, वैयक्तिक कामासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे फॅमिली ग्रुपवर तुम्ही भाचीचा फोटो टाकला, जेवताना मी त्या बाईच्या तलाकबद्दल बोललो, तिथे कुठलाच डेटा बोर्ड येणार नाही.

फसवणूक झालीच तर १९३० हा नंबर. लाज वाटून दोन दिवस घालवू नका. पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

ती बाई अजून आमच्याच गल्लीत राहते. मुलगा मोठा झाला, कामाला लागला. मागच्या ईदला मी त्यांच्याकडे गेलो आणि माफी मागितली. ती म्हणाली, “कौनसी बात बेटा, मुझे तो याद भी नहीं.” तिला आठवत होतं. आम्हा दोघांनाही कळलं की आठवत होतं. तिने शीरखुर्म्याची वाटी पुढे केली आणि विषय बदलला.

मी सोमवारपर्यंत नांदेडात आहे. उद्या रविवारी दहा वाजल्यापासून इथेच टेबल टाकून बसतो. तुमच्या अम्मींना, खालांना घेऊन या, बायोमेट्रिक लॉक, टू-स्टेप सगळं लावून देऊ. आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन सोबत आणा, ओटीपी त्यावरच येतो. आणि तो ओटीपी मलाही सांगू नका, स्वतःच्या हाताने टाका. लातूरच्या मित्रांनी तारीख कळवावी, मी येतो. कॉम्प्युटर शिकणाऱ्या तीन-चार जणांनी उद्या माझ्याबरोबर बसायला यावं. अट एकच आहे: टेबलावर जे दिसेल ते जेवताना घरी सांगायचं नाही.